प्रश्न चौथा, उपप्रश्न ब

९ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टात बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. साक्षीदार रडला तरी मी मान वर केली नाही. वकील अडखळला तर त्याचं अडखळणंही कागदावर. एक न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले होते, "बाईंच्या कागदावर शंका घ्यायची असेल तर आधी माझ्या कानांवर घ्या." निवृत्त होऊन चौदा महिने झाले, तरी सकाळी दहा वाजले की बोटं शिवशिवतात. कपाटात शॉर्टहँडच्या तीन कोऱ्या वह्या उरल्यात, त्यातली ही पहिली. हिच्यात माझं स्वतःचं लिहायचं ठरवलंय. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

आज अंधांसाठीच्या केंद्रात जाऊन वाचक म्हणून नाव दिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठला विषय वाचाल? म्हटलं, कायदा. कायद्याला कोणी नाही म्हणाल्या. मानसशास्त्र आहे, पहिल्या वर्षाचं. विद्यार्थिनी चौतीस वर्षांची, हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर. अकराव्या वर्षी नजर गेली, पूर्ण. हॉस्पिटलात खचलेल्या माणसांशी फोनवर बोलणारा एक कक्ष निघतोय. तिला तिथे जायचंय आणि त्यासाठी या पेपराचं प्रमाणपत्र लागतं.

घरी येऊन चिरंजिवांना सांगितलं. "बरं," म्हणाले. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, नकाशे काढण्याची नोकरी सोडून आठ महिने झाले, आणि दिवसाला तोंडातून चार शब्द. त्यातले दोन 'बरं' आणि एक 'हो'. हे असते तर त्याला बोलतं केलं असतं. हे जाऊन नऊ वर्षं झाली.

१२ फेब्रुवारी

पहिला दिवस. बोर्डाच्या मागे एक अरुंद खोली आहे, दुपारी दोन ते चार ती तिथे मोकळी असते. टेबलावर सगळा पसारा. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी जरा आवरलं. परत आली, बसली आणि आधी जिथे पेला होता नेमका तिथे हात नेला.

"काकू, पेला कुठे गेला?"

"अगं, मी नीट ठेवला."

"नीट म्हणजे कुठे?"

कोपऱ्यात, भिंतीशी. तिने चाचपडून तो शोधला आणि पुन्हा टेबलाच्या अगदी कडेशी ठेवला, जिथून कधीही पडेल. दोनदा पडता पडता वाचला असं मला वाटलं, पण नाही पडला.

निघताना तिला बसस्टॉपवर सोडायला म्हणून दंड धरला. तिने हळूच सोडवला. "मला 'अहो-जाहो' नको, तू म्हणा. पण धरायचं असेल तर आधी विचारा. एकदम धरलं की मला कळत नाही, मदत आहे का चोर."

चांगली आहे, पण जरा ताठ.

१९ फेब्रुवारी

आज आकलन. पुस्तकात एक काळं-पांढरं चित्र आहे. म्हटलं, फुलदाणी आहे. ती म्हणाली, "आणि चेहरे?" चेहरे कुठले? खाली मजकुरात मात्र 'समोरासमोरचे दोन चेहरे' असं छापलेलं. मी सांगितलं, छापखान्याची चूक दिसते, भलतंच चित्र टाकलंय.

"लहानपणी पाहिलंय मी ते," ती म्हणाली. "काळ्याकडे बघणं सोडा."

पाच मिनिटं सोडत होते. सुटेना. मग ती कंटाळून म्हणाली, "पुढे वाचा," आणि मी पान उलटणार तेवढ्यात ते दोघं दिसले, नाकाला नाक लावून. त्यानंतर मात्र फुलदाणी दिसेना.

२६ फेब्रुवारी

कुत्रे आणि घंटा. घंटा वाजली की जेवण, घंटा वाजली की जेवण; मग नुसत्या घंटेनेच लाळ. शोध लावणाऱ्याचं नाव उच्चारताना माझ्या जिभेला गाठ पडली आणि ऑपरेटर पोट धरून हसली.

विषयात जीव आहे, हे कबूल करायला हवं. घरीच प्रयोग दिसला. सकाळी मी चहा घेऊन चिरंजिवांच्या खोलीकडे निघते. माझ्या चपला पॅसेजमध्ये वाजल्या की आतली खुर्ची करकरते आणि तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. रोज. म्हणजे चपलेचा आवाज आणि चहा यांची सांगड त्याच्या डोक्यात पक्की बसली आहे. चहा यायच्या आधीच शरीर तयार!

ऑपरेटरला सांगितलं. तिने विचारलं, "चहासाठी माणूस उठून बसेल, की झोपेल?"



३ मार्च

आज चिरंजिवांच्या नावाने तीन अर्ज केले. त्याचं अक्षर वाईट, आणि स्वतःविषयी लिहायला लाजतो. मी टाइप करून समोर ठेवले, त्याने सह्या केल्या. "वाचून तरी बघ." "हो." वाचले नाहीत. एका कंपनीत ह्यांच्या ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांनाही फोन केला. मुलाखतीला मी येऊन बाहेर बसते म्हटलं, तर म्हणाला, "बरं."

मागच्या नोकरीत एसीचा झोत थेट त्याच्या डोक्यावर यायचा. सर्दी हटेना. शेवटी मीच साहेबांना फोन करून त्याची जागा बदलून मागितली होती. साहेब भले, हसले, म्हणाले काळजी करू नका. पंधरा दिवसांनी यानेच राजीनामा दिला. कारण सांगितलं नाही. एसीच असणार.

१० मार्च

आजचं प्रकरणही कुत्र्यांचंच. कुत्र्यांना पट्ट्यांनी बांधून विजेचे झटके देतात. काही केलं तरी झटका चुकत नाही. नंतर त्यांना अशा पेटीत सोडतात जिथे कमरेएवढं फळकूट ओलांडलं की सुटका. बाकीचे कुत्रे टुणकन उडी मारतात. हे मात्र पडून राहतात, कण्हतात, झटके खातात. त्यांनी शिकून घेतलेलं असतं की आपल्या हातात काही नाही. पुढे लिहिलंय की त्यांना गळ्याला धरून पलीकडे ओढून न्यावं लागतं, पुन्हा पुन्हा, मग कुठे ते स्वतःहून उडी मारतात.

मी पुस्तक खाली ठेवलं. "बघ! शास्त्रच सांगतं. माझे दीर म्हणतात, मुलाला ओढू नकोस. ओढल्याशिवाय कसा उठेल?"

ती बोटांनी टेबलाची कड मोजत होती.

"काकू, त्यांना आधी बांधलं कोणी होतं?"

"प्रयोग करणाऱ्यांनी."

"हं. आणि ओढलं कोणी?"

"त्यांनीच. पण आता चांगल्यासाठी ना."

"पुढे वाचा," ती म्हणाली.

२४ मार्च

वाद झाला. 'नकारात्मक प्रबलन.' माझं म्हणणं सरळ: नकारात्मक म्हणजे वाईट, वाईट म्हणजे शिक्षा. पुस्तकात वाक्यं इतकी लांब की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. ऑपरेटर म्हणते, शिक्षा वेगळी. "आत बोर्डावर बझर वाजतो. कानाला टोचतो. मी फोन उचलला की थांबतो. म्हणून मी पटकन उचलायला शिकले. त्रास संपला आणि सवय वाढली, ते हे."

"ते तुझं कर्तव्य आहे," मी म्हटलं.

"कर्तव्य पुढच्या प्रकरणात असेल कदाचित."

दोघी हसलो, पण माझं समाधान झालं नाही. ती परीक्षेत हेच लिहून मार्क घालवणार. पोरगी हुशार आहे, पण एकदा डोक्यात घेतलं की ऐकत नाही.

७ एप्रिल

चिरंजीव हल्ली सकाळी नऊला लायब्ररीत जातात. स्वतः उठतात, स्वतः आंघोळ. अर्जांचा परिणाम असणार, उमेद आली. धुवायला टाकलेल्या पँटच्या दुमडीत मात्र मूठभर भुसा निघाला. लायब्ररीत कपाटांचं काम काढलेलं दिसतंय. अशा धुळीत बसून वाचायचं म्हणजे छातीला बाधणार. ग्रंथपालांना फोन करावा का?

केला नाही. ऑपरेटरच्या परीक्षेच्या गडबडीत राहून गेला.

१७ एप्रिल

तिची परीक्षा सोमवारी. जिने लेखनिक म्हणून बसायचं ती मुलगी काविळीने आडवी. केंद्रातून मला फोन आला. फॉर्मवर एक रकाना होता: 'लेखनिकास विषयाचे ज्ञान आहे काय?' मी 'नाही' लिहिलं. पदवी तर नाहीच.

ऑपरेटर फोनवर म्हणाली, "बरं झालं तुम्ही आहात. कोर्टाच्या स्टेनो. माझं एक अक्षर हलणार नाही."

२० एप्रिल, सोमवार

झाला पेपर. वेगळी खोली, दोन खुर्च्या, दाराशी पर्यवेक्षक पेंगत होते. ती सांगते, मी लिहिते. पहिले तीन प्रश्न धावत गेले. खूप महिन्यांनी हाताला काम मिळालं असं वाटलं.

मग चौथा, ब. नकारात्मक प्रबलन सोदाहरण स्पष्ट करा.

तिने जे सांगितलं ते इथे शब्दशः लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाहीये: "नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षेने वागणं कमी होतं, प्रबलनाने वाढतं. आपल्या एखाद्या वागण्याने त्रास थांबला, तर ते वागणं आपण पुन्हा पुन्हा करतो. उदाहरणार्थ, आई मुलाचा सतत पिच्छा पुरवते. मूल 'हो' म्हणतं. आई गप्प होते. मूल तेवढ्यापुरतं सुटतं. पुढच्या वेळी ते आणखी लवकर 'हो' म्हणतं. तो 'हो' खरा असायची गरज नसते."

माझा पेन थांबला. तिच्या लक्षात आलं नाही. ती पुढच्या प्रश्नाचा विचार करत होती. मी लिहिलं: 'नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा. उदाहरणार्थ, मूल ऐकत नाही म्हणून शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतात.'

तिच्या भल्यासाठी. सहा मार्कांचा प्रश्न आहे.

शेवटी ती म्हणाली, "चौथा ब एकदा वाचून दाखवा ना." आणि मी तिचंच उत्तर, तिच्याच शब्दांत, एक काना-मात्रा न चुकता म्हणून दाखवलं. कागदावर नसलेलं. नजर कागदावर ठेवून. नजर ठेवायची काय गरज होती? समोर कोण बघणार होतं?

"मस्त," ती म्हणाली.

२१ एप्रिल

सकाळपासून सगळी कपाटं काढून पुसली. मग पुन्हा लावली. मग पहिलं कपाट पुन्हा काढलं.

चूक दुरुस्त करणं म्हणजे काय गुन्हा? तिला मार्क मिळतील.

२२ एप्रिल

बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेले. परत चालत आले. बाजारात काय आणायला गेले होते ते आठवेना, साबण घेतला. घरी चार साबण आहेत.

संध्याकाळी चिरंजिवांना सहज विचारावं तसं विचारलं. "समज, एखाद्याने तुला पत्र लिहायला सांगितलं, आणि त्यात चूक दिसली, तर तू दुरुस्त करशील ना?"

"त्याने विचारलं होतं का, दुरुस्त कर म्हणून?"

"नाही, पण त्याचंच भलं—"

"मग ते पत्र तुझं झालं, आई." असं म्हणून तो उठून गेला. एवढं लांब वाक्य तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता.

२५ एप्रिल

आज तो डबा विसरून गेला. म्हटलं, लायब्ररीत नेऊन द्यावा. तिथे कोणी ओळखेना. कपाटांचं काम? कसलं काम, ग्रंथपाल म्हणाले, इथे दोन वर्षांत खिळा ठोकलेला नाही. दारावरचा शिपाई म्हणाला, उंच, चष्मेवाला मुलगा ना? तो मागच्या गल्लीत सुताराकडे असतो, पाणी प्यायला येतो इथे.

गल्लीत पत्र्याची शेड. आत माझा मुलगा एका खुर्चीच्या पायावर पॉलिश पेपर घासत होता. शिट्टी वाजवत होता! शिट्टी वाजवतो हे मला माहीतच नव्हतं. बोटाने पाय चाचपायचा, पुन्हा घासायचा, तोंड वाकडं करून बघायचा. मी उभी राहिले. जावं का, हाक मारावी, कळेना.

सुतारानेच पाहिलं. साठीचे असतील, कानावर पेन्सिल. "काय हवं बाई?"

"मी त्याची आई."

सुतार गोंधळले. "तो तर म्हणाला, आई परगावी असते."

शिट्टी थांबली. तो उठला, हात पँटला पुसत बाहेर आला. मी डबा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"असं का सांगितलंस?"

"तुला कळलं असतं तर तू यांच्याशी बोलली असतीस."

"मी कशाला बोलेन?"

त्याने फक्त बघितलं माझ्याकडे. रागाने नाही. आणि खरं सांगायचं तर गल्लीत शिरल्यापासून माझ्या ओठांवर होतंच: याला धूळ सोसत नाही, तोंडाला बांधायला फडकं द्या.

डबा सुताराच्या बाकावर ठेवून आले.

२६ एप्रिल

तो 'हो' खरा असायची गरज नसते.

२८ एप्रिल

पुस्तक काढून प्रबलनाचं प्रकरण स्वतःसाठी वाचलं. मोठ्याने नाही, बोट ठेवून, एकेक वाक्य. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. ऑपरेटरचं बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. बझर, सवय, सगळं. मी लिहिलेलं सपशेल चूक. पुस्तकात मुद्दाम चौकटीत छापलंय की विद्यार्थी ही चूक नेहमी करतात. ही चौकट मीच तिला वाचून दाखवली होती, माझ्याच आवाजात.

आणि आणखी एक. हे लिहायला चार वेळा पेन उचलला. मी ते चूक वाटलं म्हणून बदललं नाही. म्हणजे चूक वाटलं होतं, ते खरं. पण पेन थांबला तो 'शिक्षा नव्हे'पाशी नाही थांबला. 'आई'पाशी थांबला.

३० एप्रिल

गेले. दुपारी तिची ड्यूटी बदललेली, बोर्डावरच होती. कानाला हेडफोन, बोटं बटणांवर. म्हणाली, बसा, मधे मधे बोलू.

"मला तुला काही सांगायचंय."

"हॉस्पिटल, कुठला विभाग? देते. हं, बोला."

"पेपराबद्दल."

"हॉस्पिटल. क्ष-किरण पाचपर्यंत. नाही, उद्या या. बोला ना काकू."

"चौथा ब मी बदलला."

बझर वाजला. तिने उचलला नाही. वाजत राहिला. मला पहिल्यांदा कळलं, तो खरंच किती टोचतो.

"काय बदललंत?"

सांगितलं. मी लिहिलेलं शब्दशः सांगितलं, आणि वाचून दाखवण्याचं नाटक केलं तेही. तिने फोन उचलला, कुणाला तरी प्रसूती विभाग जोडून दिला, तिचा आवाज तसाच गोड. मग हेडफोन काढून ठेवला.

"का?"

"मला वाटलं तू माझ्यावर बोलतेयस. माझ्यावर आणि माझ्या मुलावर."

ती हसली नाही. "ती माझी आई आहे, काकू. डोळे गेल्यावर मला वीस वर्षं एका खुर्चीत बसवलं तिने, प्रेमाने. पाणी हवंय? हो. गादी घालू? हो. लग्न नको ना तुला? हो, नको. मी 'हो' म्हणाले की ती शांत व्हायची. तुमच्या मुलाचा मी विचारही केला नव्हता. तुमच्याच घरचं असायला हवं का सगळं?"

मी म्हटलं, चुकलं माझं.

"चुकीचं नाही मला काही. सहा मार्क गेले तरी पास होईन मी. पण मी मागे वाचून दाखवा म्हटलं तेव्हा तुम्ही वाचून दाखवलंत. मला दुसरं काय आहे तपासायला?" ती माझ्याकडे वळली. "तुमचा आवाज सोडून काय आहे?"

बझर. तिने हेडफोन चढवला. मी तिथेच उभी राहिले. कुणीतरी बाळाचं वजन विचारत होतं.

जाताना ती म्हणाली, "सोमवारी परीक्षा विभागात चला. दोघी."

४ मे

परीक्षा विभागातले साहेब वैतागले. "कशाला उकरून काढता? निकालात पास होतील बाई, विषय संपेल."

ऑपरेटर म्हणाली, "पास होणारी मी नसेन. उद्या फोनवर कोणी जीव द्यायला निघालेलं माणूस असेल, आणि माझ्या प्रमाणपत्रात दुसऱ्याचं उत्तर."

लेखी जबाब हवा म्हणाले. मी पेन उचलला, तर ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. तिच्या बोलक्या कॉम्प्युटरवर ती टाइप करत होती, मी सांगत होते. एका वाक्यात मी घोळ घातला, 'तिच्या भल्यासाठी आणि माझ्या, म्हणजे मला राग आला म्हणून' असं काहीतरी. म्हटलं, हे जरा नीट कर.

"तुम्ही असंच बोललात," ती म्हणाली आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत बसली. तसंच छापून आलं. सही केली.

तिचा पेपर रद्द. पुन्हा ऑक्टोबरमध्ये. कक्षातली जागा तोवर थांबणार नाही, त्यांना जूनमध्ये माणसं हवीत. माझं नाव लेखनिकांच्या यादीतून काढलं. ते ठीकच आहे. तिचे सहा महिने मात्र मी खाल्ले, ते कसे ठीक होणार?

बाहेर पायऱ्यांवर तिने हात पुढे केला, मला वाटलं धरायला, म्हणून विचारलं, "धरू?" "नाही," म्हणाली, "काठी दुसऱ्या हातात घेतेय." आणि गेली.

१७ मे

चिरंजीव वेगळी खोली घेताहेत. शेडच्या वर, सुताराच्याच घरात. आज सामान भरत होता. मी खुर्चीत बसून राहिले. शर्टांच्या घड्या इतक्या वाईट घातल्या की बघवेना. दोनदा उठले, दोनदा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

"आई, ही चादर नेऊ?"

जाड चादर पलंगाखालच्या पेटीत आहे, तिथे गारठा असेल, हे सगळं जिभेवर आलं. "तुला हवी तर ने," म्हटलं. त्याने पातळच नेली.

दारात मी विचारलं, "माझ्या चपला वाजल्या की तू भिंतीकडे का वळायचास?"

त्याने बॅग खाली ठेवली. नाकारेल असं वाटलं. "म्हणजे तू सुरू करणार नाहीस म्हणून."

"मी काय सुरू करायचे?"

"दिवस," तो म्हणाला. "माझा दिवस."

मी 'बरं' म्हटलं. आणि ते म्हणताना मला स्वतःचंच ऐकू आलं.

११ जून

मागच्या महिन्यात ऑपरेटरचा फोन आला. आवाज कामाचा. "ऑक्टोबरसाठी परत वाचायला लागेल. लेखनिक दुसरी आहे, तरुण, कॉलेजातली. तुम्ही फक्त वाचायचं. चालेल?"

चालेल म्हटलं. आज तिसरा गुरुवार. टेबलावरचं काही हलवलं नाही. ती पूर्वीसारखी हसत नाही. मी एक ओळ वाचली की कधी कधी म्हणते, "पुन्हा वाचा." मला माहीत आहे, तिला ऐकू आलेलं असतं. दोन्ही वेळा तेच येतं का ते ती बघते. मी पुन्हा वाचते.

किती दिवस चालेल हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तरी गुरुवारची वाट बघते.

२ जुलै

तो वेगळा राहायला लागून दीड महिना झाला. तो रविवारी येतो, तासभर बसतो, जातो. हाताला घट्टे पडलेत. मधल्या दिवसांत मी फोन करत नाही. हे लिहायला सोपं आहे. दिवसातून किती वेळा फोनपाशी जाऊन परत येते ते नाही लिहीत. आपण चांगलं करतोय की नुसतं दुसऱ्या टोकाला जाऊन बसलोय, कळत नाही. पुस्तकात याचं उत्तर सापडलं नाही. त्यात प्रयोग करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते कुठेच दिलेलं नाही.

९ जुलै, गुरुवार

वाचून येऊन चपला काढत होते तेवढ्यात फोन वाजला. सव्वापाच. चिरंजीव. बोट कापलं, ताप आला, सुताराशी बिनसलं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे.

"काय झालं?"

"काही नाही." मग थोडं थांबून, "आई, बाबा गेल्यावर मी हॉस्टेलला होतो ना दोन वर्षं. तू एकटीच होतीस. तेव्हा संध्याकाळी काय करायचीस?"

मला हे कुणी कधी विचारलेलं नाही. तोंडावर पहिलं आलं ते हे: एकटं वाटतंय का तुला, परत ये, खोली तशीच ठेवली आहे. ते मी गिळलं. त्याने विचारलं होतं ते ते नव्हतं.

"थांब, आठवते," म्हटलं.

खरंच आठवावं लागलं. खूप वेळ गेला. तो फोन ठेवेल असं वाटत होतं. पलीकडून त्याचा श्वास येत होता, आणि खाली कुठेतरी रंधा चालल्याचा आवाज.

"कोर्टातून सरळ घरी यायचे नाही," मी म्हटलं. "शेवटच्या स्टॉपपर्यंत बसमध्ये बसून राहायचे. मग त्याच बसने परत. कंडक्टरला वाटायचं मला झोप लागते. मी जागी असायचे. घर रिकामं आहे हे बघायला जितका उशीर होईल तितका बरा म्हणून."

"मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं."

मग तो म्हणाला, "मी पुलापर्यंत चालत जातो आणि परत येतो. रोज. वेड्यासारखा."

"किती वेळ लागतो?"

"पाऊण तास," तो म्हणाला, आणि वाटेत काय काय लागतं ते सांगू लागला.